अंधार सगळ्यांना सारखा हवा



ब्लॅकआउट हा शब्द ऐकला की माझ्या वयाच्या माणसांना डिसेंबर १९७१ आठवतो. मी तेव्हा शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले असायचे. भोंगा वाजला की दिवे घालवायचे. वॉर्डन शिट्टी वाजवत गल्लीतून फिरायचा आणि कुठे उजेडाची फट दिसली की खालूनच ओरडायचा. त्या अंधाराची कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कारण साधं होतं. तो अंधार चाळीतल्या खोलीला होता, तसाच साहेबांच्या बंगल्यालाही होता.

आज मी दुसऱ्याच ब्लॅकआउटबद्दल बोलणार आहे. त्यात विमानं नाहीत, बॉम्ब नाहीत. आहे तो नोकरदार माणसाच्या म्हातारपणाचा पैसा.

विषय निघाला माझ्या पुतणीमुळे. ती अमेरिकेत डॅलसला नोकरी करते. तिला कंपनीकडून पत्र आलं. मजकूर असा की, तुमच्या निवृत्ती योजनेचा हिशेब ठेवणारी संस्था बदलते आहे. त्यामुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुम्हाला योजनेतली गुंतवणूक बदलता येणार नाही, कर्ज घेता येणार नाही, पैसे काढता येणार नाहीत. या काळाला तिथे ‘ब्लॅकआउट पिरियड’ म्हणतात. तिने फोन केला आणि म्हणाली, “काका, पैसे माझे आणि मलाच हात लावायची बंदी?”

मी तिला विचारलं, “पत्र किती दिवस आधी आलं?” ती म्हणाली, “महिनाभर.” मी म्हटलं, “मग त्या महिन्याची किंमत कुणीतरी आधी मोजली आहे. आणि ती ज्या कंपनीच्या लोकांनी मोजली, तिचं नाव तुझ्या आजोबांनाही माहीत होतं.”

ती कंपनी म्हणजे एन्रॉन.

दाभोळची ओळख

महाराष्ट्रातल्या माणसाला एन्रॉन म्हटलं की गुहागर तालुका आठवतो. १९९२ साली या ह्यूस्टनच्या कंपनीने दाभोळ वीज प्रकल्पाचा करार मांडला. अंजनवेल, वेलदूर ही गावं वर्तमानपत्रांत आली. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि नंतर पुन्हा वाटाघाटी करून तो नव्याने केला. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. विजेचा दर राज्य वीज मंडळाला झेपेना, पैसे थकले, आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. हे आपण जाणतो. त्यावर मराठीत भरपूर लिहून झालेलं आहे.

पण त्याच वर्षी, सात समुद्रांपलीकडे, याच कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं काय झालं ते आपल्याकडे फारसं सांगितलं गेलं नाही. दाभोळच्या भांडणात ‘एन्रॉन’ म्हणजे एक धिप्पाड शत्रू होता. त्याच्या पोटात वीस हजारांच्या आसपास साधी माणसं होती, कारकून, तंत्रज्ञ, गॅसच्या पाइपलाइनवर काम करणारी. आजची गोष्ट त्यांची आहे.

पेन्शन गेली आणि खातं आलं

आधी थोडी मागची पार्श्वभूमी.

अमेरिकेत एके काळी मोठ्या कंपन्या कामगाराला ठरलेली पेन्शन देत. पण त्या वचनामागे पुरेसा पैसा ठेवलेला असेलच असं नव्हतं. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे चार हजार कामगारांना मात्र त्यांच्या हक्काच्या सरासरी १५ टक्के रकमेवर समाधान मानावं लागलं. त्याहून लहानांना काहीच नाही. या प्रकरणाचा बोभाटा होत होत १९७४ साली पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचं नाव ‘एरिसा’. त्या कायद्याने असंही ठरवलं की, पारंपरिक पेन्शन निधीतल्या रकमेपैकी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मालक कंपनीच्याच शेअर्समध्ये गुंतवायची नाही. शहाणपणाची अट होती.

पुढे १९७८ च्या करविषयक कायद्यात एक कलम आलं. त्याचा क्रमांक ४०१, पोटकलम ‘के’. त्यावरून ‘फोर-ओ-वन-के’ नावाच्या योजना निघाल्या. यात ठरलेली पेन्शन नाही. प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. पगारातून काही रक्कम कर्मचारी टाकतो, काही भर मालक घालतो, आणि ती कुठे गुंतवायची हे कर्मचारी ठरवतो. फायदा झाला तर त्याचा, बुडालं तरी त्याचं. आणि ती १० टक्क्यांची अट? ती या खात्यांना सहसा लागू नव्हती.

आम्ही फौजी या बाबतीत नशीबवान. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरदारांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली, पण सैन्यदलांना त्यातून वगळलं होतं. महिन्याच्या महिन्याला ठरलेली पेन्शन येते, त्यामुळे शेअर बाजाराकडे आमच्यातले बरेच जण दुरून बघतात. पण आज देशभर बँकांत, कारखान्यांत, आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांचं म्हातारपण बाजाराशी बांधलेलं आहे. म्हणून ही गोष्ट त्यांनी ऐकायला हवी.

पगारही तिथेच, पुंजीही तिथेच

एन्रॉनची योजना अशी होती. कर्मचारी पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत जी रक्कम टाकेल तिच्या निम्मी भर कंपनी घालायची, पण ती रोख नाही, एन्रॉनच्या शेअर्सच्या रूपात. आणि हे शेअर्स वयाची पन्नाशी गाठेपर्यंत विकता येत नव्हते. त्यावर कर्मचाऱ्यांनी आपल्या मनाने, स्वतःच्या पैशांतूनही कंपनीचेच शेअर्स घेतले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. शेअर वर चालला होता, वर्तमानपत्रं कौतुक करत होती, वरिष्ठ अभिमानाने छाती फुगवत होते. आपल्याच पलटणीवर पैज लावायला कुणाला आवडत नाही?

२००० सालच्या अखेरीस योजनेत एकूण सुमारे २१० कोटी डॉलर होते. त्यातले ६२ टक्के एकट्या एन्रॉनच्या शेअर्समध्ये. म्हणजे दर महिन्याचा पगार ज्या दारातून येतो, म्हातारपणाची पुंजीही त्याच दारामागे. दार बंद झालं की दोन्ही गेलं.

ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरवर होता. ऑगस्ट २००१ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी जेफ्री स्किलिंग यांनी अचानक राजीनामा दिला. अध्यक्ष केनेथ ले पुन्हा सूत्रं हातात घेऊन बसले. २६ सप्टेंबरला त्यांनी कर्मचाऱ्यांशी इंटरनेटवरून प्रश्नोत्तरं केली. त्यात त्यांनी सांगितलं की शेअर सध्या फार स्वस्तात मिळतो आहे आणि तिमाही उत्तम चालली आहे. त्याच वर्षात ले यांनी स्वतःचे ७ कोटी डॉलरच्या आसपासचे शेअर्स कंपनीलाच परत विकून घेतलेली कर्जं फेडली होती. हे कर्मचाऱ्यांना नंतर कळलं.

१६ ऑक्टोबरला तिमाहीचे आकडे आले. तोटा ६१ कोटी ८० लाख डॉलर, आणि भागधारकांच्या भांडवलात १२० कोटी डॉलरची घट. आठवड्याभरात सरकारी चौकशीची बातमी आली. वित्तप्रमुखाला पदावरून दूर करण्यात आलं. शेअर कोसळत होता.

आणि नेमक्या याच वेळी कुलूप लागलं.

कुलूप

इथे मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुलूप लावणं हा स्वतः गुन्हा नव्हता. आमच्या कॅन्टीनवर महिन्याअखेरीस पाटी लागते, ‘स्टॉक टेकिंगसाठी बंद’. माल मोजायचा तर विक्री थांबवावीच लागते, नाहीतर मोजणी संपायच्या आत आकडा बदलतो. तसंच इथे. योजनेचा हिशेब एका संस्थेकडून दुसरीकडे जायचा होता. वीस हजार खाती, प्रत्येकाचे शेअर्स, प्रत्येकाचं कर्ज, प्रत्येकाची भर. हे सगळं जुळवून दुसऱ्या संगणकावर चढवायचं तर मधले काही दिवस व्यवहार थांबवावेच लागतात. हा बदल शेअर कोसळण्याच्या कितीतरी आधी ठरलेला होता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांना तसं कळवलंही होतं.

२६ ऑक्टोबर हा शुक्रवार. त्या दिवसानंतर कर्मचाऱ्यांना योजनेतले शेअर्स विकता येणार नव्हते. कर्जं आणि पैसे काढणं त्याच्याही आधी थांबलं होतं. त्यामुळे कुलूप नक्की कधी लागलं यावर पुढे वाद झाला. सोमवारी, २९ ऑक्टोबरला शेअर १३.८१ डॉलरवर बंद झाला. मधल्या काळात ८ नोव्हेंबरला कंपनीने कबूल केलं की १९९७ पासून दाखवलेला नफा जवळजवळ ६० कोटी डॉलरने फुगवलेला होता. बाहेरचा कुठलाही भागधारक ती बातमी वाचून फोन उचलून विकू शकत होता. एन्रॉनचा कर्मचारी ती बातमी वाचून फक्त बघत बसू शकत होता. १३ नोव्हेंबरला कुलूप उघडलं तेव्हा शेअर ९.९८ डॉलरवर होता.

आकड्यांकडे नीट बघा. ९० वरून १३ पर्यंतची घसरण कुलूप लागण्याआधीची आहे. कुलुपातलं नुकसान १३.८१ ते ९.९८, म्हणजे एकूण नुकसानीचा लहान भाग. म्हणून पुढे काही जाणकार म्हणाले की कुलुपाचा एवढा गाजावाजा कशाला. हिशेब म्हणून ते बरोबर आहेत. पण मला त्यांचं म्हणणं पुरेसं वाटत नाही.

कारण प्रश्न नुसत्या चार डॉलरचा नव्हता. कुलूप फक्त योजनेच्या खात्याला होतं, आणि कारकुनाचे शेअर्स त्या खात्यातच होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे त्याखेरीज पगाराचा भाग म्हणून मिळालेले भरमसाट शेअर्स होते, ते योजनेच्या बाहेर. त्या शेअर्सना हे कुलूप लागूच नव्हतं. म्हणजे मोजणीसाठी कॅन्टीन बंद, जवान बाहेर रांगेत, आणि साहेबांसाठी मागचं दार उघडं. त्या दिवसांत मागच्या दाराने कोण किती गेलं हा पुढचा मुद्दा. दार उघडं होतं, एवढं पुरे आहे.

आणि दुसरं, परिस्थिती बदलली तरी हुकूम बदलला नाही. हे कुलूप पुढे ढकलावं का, अशी चर्चा कंपनीत झाली होती हे नंतर सिनेटपुढच्या सुनावण्यांत समोर आलं. पण वीस हजार लोकांना पुन्हा कळवायला वेळ नाही, काम अर्धवट सोडणं अवघड, अशी कारणं पुढे आली आणि ठरलेलं तसंच चालू राहिलं. फौजेत मी हे पाहिलेलं आहे. योजना कागदावर पक्की झाली की समोर नदीला पूर आला तरी ‘ठरलंय ना’ म्हणून पाण्यात पाय घालणारे असतात. वाईट हेतूशिवायही माणसं बुडतात.

२८ नोव्हेंबरला शेअर एका डॉलरच्या खाली गेला. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सुमारे चार हजार लोकांना घरी पाठवलं. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी, निवडक पाचशेच्या आसपास लोकांना साडेपाच कोटी डॉलर बोनस वाटला होता, त्यांनी सोडून जाऊ नये म्हणून. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतून १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम नाहीशी झाली. पुढे दाव्यांतून काही परत आलं, पण गेलं त्या मानाने थोडंच.

कप्तानालाही तेच

फेब्रुवारी २००२ मध्ये सिनेटपुढे कर्मचाऱ्यांच्या साक्षी झाल्या. आयुष्यभराची बचत गेलेली माणसं टीव्हीवर बोलली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही त्याच सुमारास म्हटलं की वरच्या मजल्यावरच्यांना एक न्याय आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना दुसरा, असं चालणार नाही. तरी कायदा रखडला असता. पण जूनमध्ये वर्ल्डकॉम या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा घोटाळा फुटला आणि काँग्रेस हलली. ‘सार्बेन्स-ऑक्सली’ कायदा सिनेटमध्ये ९९ विरुद्ध ० आणि प्रतिनिधीगृहात ४२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. ३० जुलै २००२ रोजी त्यावर सही झाली.

या कायद्याची चर्चा होते ती हिशेब तपासनिसांच्या कलमांमुळे. मला महत्त्वाचं वाटतं ते कलम ३०६. जानेवारी २००३ पासून लागू झालेल्या या कलमात दोन साध्या गोष्टी आहेत.

पहिली: जेव्हा निवृत्ती योजनेतल्या किमान निम्म्या लोकांना कंपनीच्या शेअर्सचे व्यवहार सलग तीन कामकाजाच्या दिवसांहून जास्त काळ बंद असतील, तेव्हा संचालकांनी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही पदामुळे मिळालेले कंपनीचे शेअर्स विकायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. कुणी व्यवहार केलाच तर झालेला नफा कंपनीकडे जमा करावा लागतो. हेतू काय होता हे विचारलं जात नाही. ‘मला काही ठाऊक नव्हतं’ ही सबब चालत नाही.

दुसरी: असं कुलूप लावायचं तर कर्मचाऱ्यांना निदान ३० दिवस आधी लेखी कळवायचं. कारण काय, सुरू कधी, संपणार कधी, हे स्पष्ट लिहायचं. नाही कळवलं तर मूळ कायद्यात दर माणशी दर दिवशी १०० डॉलरपर्यंत दंड होता. त्या दराने एन्रॉनसारखी वीस हजार माणसं धरली तर दिवसाला २० लाख डॉलर. एवढा आकडा समोर असला की पत्र वेळेवर जातं.

माझ्या पुतणीला महिनाभर आधी आलेलं पत्र ते हेच.

देहरादूनच्या सैन्य अकादमीत चेटवूड हॉलमध्ये एक शिकवण कोरलेली आहे. १९३२ साली अकादमीच्या उद्घाटनाला फील्ड मार्शल चेटवूड यांनी दिलेल्या भाषणातली. तिचा मथितार्थ असा की आधी देश, मग तुझ्या हाताखालचे जवान, आणि तू स्वतः नेहमी शेवटी. आम्ही ती तरुणपणी पाठ केली आणि उरलेली नोकरी तिचा अर्थ समजून घेण्यात गेली. कंपनीच्या संचालकाकडून एवढी अपेक्षा कायदा करत नाही. तो एवढंच म्हणतो की निदान जवानाच्या पुढे धावू नकोस. जहाजाला कुलूप लावलंस तर तूही आत राहा.

याचा परिणाम दंडापेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. कुलूप ज्याला स्वतःला टोचतं तो ते गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवत नाही. आणि वेळ वाईट असेल तर ते लावण्याआधी दोनदा विचार करतो.

पुढे २००६ च्या पेन्शन संरक्षण कायद्याने दुसरी गाठही सैल केली. कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले कंपनीचे शेअर्स त्याला केव्हाही दुसरीकडे वळवता यावेत, आणि कंपनीने दिलेले तीन वर्षांच्या नोकरीनंतर. पन्नाशीपर्यंत थांबायची अट गेली.

ले यांना मे २००६ मध्ये दोषी ठरवलं गेलं, पण शिक्षा होण्याआधीच जुलैत त्यांचं निधन झालं आणि त्यामुळे दोषसिद्धी रद्द झाली. स्किलिंग यांना २४ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे १४ वर्षांवर आली आणि २०१९ मध्ये ते सुटले. त्यांच्यावर सिद्ध झालेल्या आरोपांपैकी एक होता १७ सप्टेंबर २००१ रोजी केलेल्या शेअर विक्रीचा. किंमत दीड कोटी डॉलरहून जास्त. कुलूप लागायला तेव्हा सहा आठवडे होते.

आपल्याकडे काय

आपल्याकडे ‘ट्रेडिंग विंडो बंद’ असा मेल बंगळूर, हैदराबाद, पुण्यातल्या अनेकांना दर तिमाहीला येतो. ते कुलूप वेगळं आहे, गल्लत करू नका. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार ज्यांना आतली माहिती असू शकते अशा नेमलेल्या लोकांना आणि त्यांच्या जवळच्या नातलगांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत कंपनीच्या शेअर्सचा व्यवहार करता येत नाही. तिथे कुलूप मुळातच वरच्यांसाठी आहे, बाहेरच्या साध्या गुंतवणूकदाराचं रक्षण करायला. एन्रॉनचं कुलूप खालच्यांना होतं आणि वरचे मोकळे होते.

भविष्य निर्वाह निधीची रक्कम आपल्याच कंपनीच्या शेअर्समध्ये टाकायचा पर्याय आपल्या नोकरदाराला नाही. कुणाला ती सक्ती वाटते. मला ते कुंपण वाटतं. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीचा घोटाळा उघड झाला आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. कर्मचाऱ्यांचे कंपनीकडून मिळालेले शेअर्स कवडीमोल झाले, नोकरी राहते की जाते कळेना. पण भविष्य निर्वाह निधी त्या शेअरला बांधलेला नव्हता. ह्यूस्टनच्या माणसाकडे तेवढंही उरलं नव्हतं.

मात्र आजच्या मुलांच्या हातात कंपनीचे शेअर्स पुन्हा भरपूर येतात. ते घ्यावेत, पण त्यांच्यावर म्हातारपण उभं करू नये, एवढंच मी घरात सांगतो. निष्ठा कामात दाखवावी. पुंजी निष्ठेने गुंतवायची वस्तू नाही.

पुतणीला मी शेवटी तीन प्रश्न विचारायला सांगितले. कुलूप का लागतंय? कधी उघडणार? आणि ते लावणाऱ्यालाही लागू आहे का? दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रातच होती. तिसऱ्याचं तिने कार्यालयात विचारलं. उत्तर आलं, “हो, त्यांनाही.” ती म्हणाली, “मग चालेल, काका. थांबते.”

१९७१ च्या त्या अंधारात आमची चाळही याच कारणाने थांबली होती.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.